दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी शिकाऊ मोटार आहे. शिकाऊ म्हणजे मी शिकत नाही, लोक माझ्यावर शिकतात. म्हणून माझ्या छपरावर लाल अक्षराची पाटी आहे आणि पोटात दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. दोन्ही एकाच लोखंडी दांडीने जोडलेले, त्यामुळे एक दाबला की दुसराही खाली जातो. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भानगड त्या दांडीने केली.

कारखान्यातून मी चारचौघींसारखीच बाहेर पडले. दुसरा ब्रेक मास्तरांनी गॅरेजमध्ये बसवून घेतला. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असत मला. पुढे शिकणाऱ्यांनी जीव नकोसा केला. कोणी पहिल्या गिअरऐवजी रिव्हर्स टाकायचं, कोणी माझा गाल भिंतीला घासायचं, आणि वर म्हणायचं, गाडीच खटारा आहे. मी मुकाट ऐकून घेत असे.

मास्तरांबद्दल एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. ते स्वतः गाडी चालवत नसत. दहा वर्षांपूर्वी एका उतारावर त्यांच्या हातून एका सायकलवाल्याला धक्का लागला होता. तो माणूस महिन्याभरात पुन्हा सायकलवर बसला, पण मास्तर पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. भाजी आणायची असली की त्या दिवशीचा धडा बाजारातून गाडी काढण्याचा. केस कापायचे असले की सलूनसमोर पार्किंग शिकवायचं. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे या माणसाचा. रुबाब कसला, धसका घेतला होता त्यांनी. त्यांचा पाय सतत दुसऱ्या ब्रेकवर, आणि शिकणाऱ्याने दाबायच्या आत हे दाबून मोकळे.

मग टेलरबाई शिकायला आल्या. समोरच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं लहानसं दुकान होतं. चौथ्याच दिवशी त्यांनी पिशवीतून सुई आणि जाड दोरा काढला आणि माझी उसवलेली सीट शिवून टाकली. इतक्या वर्षांत माझं दुखणं कोणी विचारलं नव्हतं. मला त्या आवडल्या, आणि मास्तरांना तर माझ्याहून जास्त. टेलरबाईंचंही तेच. पण दोघं बोलायची ती फक्त क्लच, गिअर आणि आरसा.

टेलरबाई परीक्षेत चार वेळा नापास झाल्या. कारण ऐका. धड्याच्या वेळी त्यांच्या पायाखालचं पेडल आधीच निम्मं खाली गेलेलं असे, कारण शेजारी मास्तरांचा पाय. बाईंना वाटायचं, ब्रेक असाच असतो, थोडा आपणहून दबतो. परीक्षेला मास्तरांच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसायचे, पाय मागे घेऊन. पेडल आपणहून दबायचं नाही, बाई घोटाळायच्या आणि थांबायची पांढरी रेघ ओलांडून मी पुढे जायचे. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, "माझ्याच पायात दोष आहे." मास्तर म्हणायचे, "आणखी थोडे दिवस शिकू या." मला वाचा असती तर तिथेच सांगितलं असतं.

एका दुपारी साडेबाराला बाई एक कोट छातीशी धरून धावत आल्या. डोंगरापलीकडच्या शहरात एका मोठ्या नाटक कंपनीला पोशाख शिवणारी हवी होती. नमुना घेऊन चारच्या आत पोहोचायचं होतं आणि त्या दिवशी बसवाल्यांचा संप.

"मास्तर, मला पोहोचवता का?"

मास्तरांचा चेहरा उतरला. पोहोचवणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि ते सांगणं त्याहून नव्हतं.

"तुम्ही चालवा," ते म्हणाले. "लांबचा धडा समजा."

चढ बरा गेला. खिंड ओलांडली आणि उतार लागला, तसा मास्तरांचा पाय जड झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे लाकडं भरलेला ट्रक. बाई दाबायच्या आधी मास्तर दाबायचे, बाई सोडायच्या तरी मास्तर सोडायचे नाहीत. माझी चाकं तापली. जळका वास आतपर्यंत गेला. अंगातलं ब्रेकचं तेल उकळतंय हे मला कळत होतं. आता पेडल मऊ पडणार आणि मी कोणाच्याच हातात राहणार नाही, या भीतीने माझे नटबोल्ट कापत होते.

"मास्तर," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "माझा पाय ब्रेकवर नाहीये."

मास्तरांची नजर पुढच्या वळणावर होती.

"तरी पेडल खाली आहे."

"पुढे वळण आहे, बाई."

"रोज तुम्हीच दाबत होता?"

बाईंनी पेडलवर पाय ठेवला, तो लोण्यात रुतल्यासारखा खाली गेला. माझा वेग होता तसाच राहिला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

"पाय काढा."

"बाई, मी..."

"काढा म्हणते ना. दोघांनी मिळून जाळलाय हा ब्रेक."

मित्रांनो, दहा वर्षांत पहिल्यांदा मास्तर शेजारी असताना त्या दुसऱ्या पेडलवरचं वजन गेलं. बाईंनी क्लच दाबला आणि मला दुसऱ्या गिअरमध्ये ओढलं. इंजिनाने बोंब ठोकली, सबंध अंगाला हिसका बसला, पण वेग तुटला. वळण निघालं. मग पहिला गिअर. रस्त्याकडेला मातीची मोकळी जागा दिसली तसं बाईंनी मला तिच्यात घातलं आणि हँडब्रेक खेचला. ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला.

बाई खाली उतरल्या. पाऊण तास मी निवत होते आणि त्या येरझाऱ्या घालत होत्या. घड्याळात तीन वाजून गेले.

"चार वेळा नापास झाले मी," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी भावजय हसली, दुकानात गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, मीच मठ्ठ आहे."

"भीती वाटायची मला," मास्तर म्हणाले. त्यांनी सायकलवाल्याचं सगळं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "ते अर्धंच खरं. तुम्ही पास झालात तर यायच्या थांबाल, याची जास्त भीती वाटायची. मुद्दाम नाही केलं. पण पाय उचलायला हवा हे कळत होतं, आणि मी उचलला नाही."

मला वाटलं, आता बाई चालत निघणार. त्यांचे डोळे भरून आले होते, रागही होता आणि दुसरंही काही. त्या म्हणाल्या, "मागच्या सीटवर बसा."

"नियमात बसत नाही ते."

"मग पुढेच बसा, पण मांडी घालून."

उरलेला घाट मास्तर मांडी घालून उतरले. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरलेले, ओठ मिटलेले. बाईंनी मला गिअरवर उतरवलं, ब्रेक लावला तो गरजेपुरता, आणि तो फक्त त्यांचा होता. त्यांच्या पायात काही दोष नव्हता. चारला सात कमी असताना आम्ही नाटक कंपनीच्या फाटकाशी थांबलो.

तासाभराने बाई बाहेर आल्या. कोट आत राहिला होता, म्हणजे काम मिळालं होतं. आजपासूनच. राहायची खोलीही वरच्या मजल्यावर.

"छान झालं," मास्तर म्हणाले, आणि किल्लीकडे बघत राहिले. आता परत कोण नेणार?

"मी तुमच्यावर फार चिडलेय," बाई म्हणाल्या. "आणि मला तुम्ही हवे आहात. दोन्ही खरं आहे. रविवारी मला सुट्टी असते. पण मला भेटायला येणारा माणूस स्वतः गाडी चालवत आला पाहिजे. शेजारी कुणी विद्यार्थी बसवून आणलात तर मी खाली येणार नाही."

बाई आत गेल्या. मास्तर बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते. मग दार उघडून ते स्टिअरिंगवर बसले. क्लच ते एकदम सोडायचे. मी दोनदा बंद पडले, आणि खोटं कशाला बोलू, नवशिक्याचा राग यावा तसा मला त्यांचा रागही आला. तिसऱ्यांदा मी निघाले. सबंध घाट आम्ही बैलगाडीच्या चालीने चढलो, मागचे लोक नाही नाही ते बोलत पुढे गेले, आणि मास्तर एकटेच घरी पोहोचले.

रविवारी आम्ही तो घाट पुन्हा उतरलो. शेजारची सीट रिकामी होती. टेलरबाई खिडकीत नव्हत्या, त्या खाली फाटकातच उभ्या होत्या.

आता मी गॅरेजमागे उभी असते. दोन चाकांत हवा नाही, पाटी कधीच गळून पडली. तुम्ही माझ्या टपावर चढून खेळता, खुशाल खेळा, फक्त काचा सांभाळा. उद्या तुम्हीही काहीतरी शिकायला जाल. वारंवार चुकू लागलात तर लगेच स्वतःला नावं ठेवू नका. आधी थांबा, हँडब्रेक लावा, आणि खाली वाकून बघा, पेडलवर पाय नक्की कोणाचा आहे.