दारूच्या आधीचा

चांगुणाने काचेच्या मोठ्या बरणीला कान लावला. आत द्राक्षांचा रस बारीक आवाज करत फसफसत होता. तिने त्यात बाहेरचं काहीच घातलं नव्हतं, ना साखर, ना खमीर. द्राक्षांच्या सालीवर बसून बागेतून जे खमीर आलं असेल तेवढंच. त्या बागेवरही तिने विषारी फवारा मारू दिला नव्हता.

पिंपळगावजवळच्या संशोधन केंद्रात ती या वाइनसाठी सात वर्षं झगडली. पण १९८३ साली सगळीकडे बिनबियांच्या द्राक्षांची हवा होती. भोकरी ही बियांची जुनी जात लोक मुळासकट उपटत होते. काल साहेब म्हणाले, “मॅडम, प्रयोग बंद. हे ओतून टाका आणि खोली मोकळी करा.”

दाराशी चपला वाजल्या. तिची आई, लंकाबाई, डबा घेऊन उभी होती. लेक न जेवता निघाली म्हणून एसटीने आलेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिचं आयुष्य लोकांच्या बागांत मजुरी करण्यात गेलं आणि नवरा हातभट्टीच्या दारूने गेला. लेक शास्त्रज्ञ झाली तेव्हा तिने वस्तीत पेढे वाटले होते. कसलं काम ते कळल्यावर मात्र त्या विषयावर बोलणंच सोडलं. आईने एकदा तरी कामाबद्दल काही विचारावं म्हणून चांगुणा झुरायची.

“जेव आधी.”

“हे ओतून येते.”

“ओत. घरात शिरली तेवढी दारू बास झाली.”

चांगुणाने बरणी मोरीपाशी ओढली आणि बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. वास खोलीभर पसरला. डब्याचं झाकण काढता काढता लंकाबाईचा हात थांबला.

“कुठली गं ही द्राक्षं?”

“भोकरी. वणीच्या चिमाजीआप्पांच्या बागेतली. आता तेही बाग काढतायत.”

लंकाबाई जवळ येऊन वाकली. ती नाकाला पदर लावेल असं चांगुणाला वाटलं. तिने लावला नाही.

“लगीन झालं त्या साली आम्ही दोघं भोकरीच्या बागेत कामाला होतो. तुझा बाप पाट्या वाहायचा. फुटल्या मण्यांचा रस पाठीवर गळायचा. सांजच्याला जवळ आला की असाच वास यायचा.” तिने पुन्हा वास घेतला. “दारूचा नाय. दारूच्या आधीचा.”

चांगुणाने वडलांना शुद्धीवर असं फारसं पाहिलंच नव्हतं. आई त्यांच्याबद्दल कधी बोलली नव्हती. चांगुणा बरणीला धरून तशीच उभी राहिली.

“आई, ओतू?”

लंकाबाईने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बरणीसमोर बसली आणि डोळे मिटून घेतले.

“शेवटची एसटी कितीला हाय? तवर राहू दे.” तिने विचारलं.