थंडपेटीच्या झाकणावरची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी थंडपेटी आहे. माझा रंग निळा होता. आता त्याला रंग म्हणायचं तर म्हणा.

कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींमध्ये फेस भरला, तो फुगून घट्ट झाला, झाकणाला रबर बसवलं आणि मला गाडीत घातलं. आधी मी लसी वाहिल्या. पुढे प्रयोगशाळेतून इस्पितळात रक्तपेशी नेऊ लागले. प्रयोगशाळेतल्या ताई मला भरत आणि मामा मला दुचाकीला बांधून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेत. "पेटी शब्दाची पक्की आहे," असं मामा सगळ्यांना सांगत. तेव्हा मला बरं वाटायचं. हल्ली फारसं काही वाटत नाही.

भूगोलाच्या एका बाईंच्या डोक्यात गाठ झाली होती. डॉक्टर त्यांना समजावत होते तेव्हा मी खाटेखालीच होते.

"बाई, औषध मेंदूच्या दारातच अडतं, तिथे पहारा कडक असतो. पण शस्त्रक्रियेनंतर आत सूज येते. ती सूज म्हणजे हाक. ती ऐकून तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत जातात. त्या थोड्या काढून घेऊ, त्यांच्यात औषध भरू आणि परत देऊ."

"म्हणजे परक्याला दार उघडत नाहीत, म्हणून घरच्या माणसाच्या पिशवीतून पाठवायचं," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. फक्त ही हाक चार-पाच दिवसच असते. तेवढ्यात पेशी जिवंत पोचायला हव्यात."

आता माझं दुखणं सांगते. माझ्या झाकणाच्या रबराला वर्षभरापूर्वी भेग पडली होती. गारवा निसटायचा. आतला तापमापक तर कधीच बंद पडला होता. ताईंनी तोड काढली, बर्फाच्या एका लादीऐवजी दोन ठेवू लागल्या. काम भागत होतं, म्हणून मला दुरुस्तीला कुणी धाडलं नाही.

बाईंच्या पेशी न्यायच्या त्या सकाळी मामांनी ती भेग पहिल्यांदाच पाहिली. त्यांचा जीव हळहळला. त्यांनी चिकटपट्टीचे तीन पदर लावून भेग बुजवली आणि पट्टीचा उरलेला गुंडाळा खिशात घातला. एवढ्याशा कामाचं सांगायचं काय, म्हणून ते ताईंना बोलले नाहीत. ताईंनी नेहमीच्या सवयीने दोन लाद्या ठेवल्या.

त्या दिवशी मी जन्मातलं सगळ्यांत चोख काम केलं. दोन्ही लाद्यांच्या गारव्याचा कणही बाहेर जाऊ दिला नाही. इस्पितळात झाकण उघडलं तेव्हा पेशी गोठून मेल्या होत्या.

"मी तर भेग बुजवली होती," मामा म्हणाले.

"मला सांगायचं ना, मामा!" ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

बाईंचं रक्त पुन्हा काढलं, पेशी पुन्हा तयार केल्या. या वेळी मी त्या जिवंत नेल्या. पण तोवर सूज उतरली होती. हाक थांबली होती आणि पेशी रक्तातच फिरत राहिल्या.

ताई आणि मामा माफी मागायला गेले. "दोघींनी मीठ घातलं की स्वयंपाक खारट होतो," बाई म्हणाल्या. "दोघींचा हेतू चांगलाच असतो." मग त्यांनी मला जवळ आणायला लावलं, पेन मागितलं आणि फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरात माझ्या झाकणावर लिहिलं, 'पेटीत काहीही बदललं तर आधी एकमेकांना सांगा.'

सात महिन्यांनी बाई गेल्या. ती बातमी मामांनी ताईंना माझ्यासमोरच सांगितली. मी थंड होते, थंडच राहिले.

मला आता नवं रबर आहे, तापमापकही चालतो. मला भरण्याआधी ताई ती ओळ मोठ्याने वाचतात आणि मामा "काही बदल नाही" म्हणतात. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, पण जपलंत ते एकमेकांना सांगा. आणि एक विनंती आहे. रोज पुसून पुसून बाईंचं अक्षर पुसट होत चाललं आहे. कुणीतरी ते गिरवा.