फोटोतलं बोट

मिस्त्रींचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं आणि ते थंड करायची घरात कुणाची छाती नव्हती. कारणच तसं होतं. बाहेरच्या खोलीत, दारातून आत शिरल्या शिरल्या नजरेत भरेल अशा जागी, त्यांचाच भलामोठा फोटो टांगला होता. फोटोतले मिस्त्री सूट घालून, टाय लावून कोरीव खुर्चीत बसलेले. जन्मात कधी त्यांनी सूट अंगाला लावला नव्हता. मुंडकं तेवढं त्यांचं, बाकी धड कुणा परक्याचं. फोटोवाल्याने चिकटवून दिलेलं.

हा सगळा कारभार चिरंजीवांचा. बहिणीचं मोठ्या घरात जमत आलं होतं, पोरापोरींनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि आज मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. चिरंजीवांनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, की आमच्या बाबांचा फर्निचरचा कारखाना आहे. कारखाना म्हणे! गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, करवतीचं एक मशीन आणि स्वतः मिस्त्री, एवढाच तो कारखाना. मिस्त्रींनी हाताने घडवलेला बाक या पठ्ठ्याने मागच्या गॅलरीत नेऊन आडवा टाकला आणि त्या जागी चकचकीत सोफा आणून ठेवला. मिस्त्रींनी सोफ्याच्या पाठीवर टकटक केलं.

"खोक्याचं लाकूड आहे रे हे. वर्षभरात बोंबलेल."

"दिसतो ना भारी? मग झालं तर," चिरंजीव म्हणाले.

इथवर मिस्त्रींनी गिळलं. पोरीसाठी गिळलं. पण मग सहज त्यांची नजर फोटोतल्या डाव्या हातावर गेली. सोन्याचं घड्याळ बांधलेल्या त्या हाताला पाचही बोटं होती, धडधाकट. मिस्त्रींच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. उरलेलं करवतीने नेलं होतं, लग्नाच्याही आधी.

"कधीपासून भिंतीवर आहे हा फोटो!" मिस्त्री ओरडले. "आणि तुम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नाही? ज्या हाताने तुम्हाला पोसलं त्याला बोटं किती, हेही ठाऊक नाही? डोळे फुटलेत काय रे सगळ्यांचे?"

बायकोनं जीभ चावली. चिरंजीव फोटोजवळ गेले, नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आता तरी हा तो फोटो उतरवेल असं मिस्त्रींना वाटलं. कसलं काय!

"आता ऐनवेळी नवा कुठून आणू? बाबा, असं करा, तुम्हीच हात खिशात ठेवा."

ऐका! फोटो चुकला म्हणून जित्या माणसाने हात लपवायचा. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेली शिवी बाहेर पडणार, एवढ्यात लेक पुढे झाली.

"बाबा, ठेवा ना. तेवढ्यापुरतं. माझ्यासाठी."

पोराला त्यांनी उभा आडवा सोलला असता. पण हे लेकीने म्हणावं? चालायला शिकताना ही याच थोटकाला धरायची. अख्खं बोट तिच्या मुठीत मावायचं नाही, हे बरोबर मावायचं. आईने आपलं बोट पुढे केलं की भोकाड पसरायची. मिस्त्रींनी हात खिशात घातला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

पाहुणे आले. मुलाचे वडील फोटो बघून "वा!" म्हणाले आणि सोफ्यावर बसले, तसा सोफा करकरला. चहा आला. मिस्त्रींच्या उजव्या हातात कप, मग बशी कुठे धरणार? त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, ती घसरली, तिला सावरायला गेले तर गरम चहा मांडीवर सांडला. तरी हात खिशातच.

"हाताला काही लागलंय का तुमच्या?" मुलाच्या वडिलांनी काळजीने विचारलं.

"मुरगळलाय जरा," चिरंजीव झटकन म्हणाले. "कारखान्यात मशिनं तपासताना."

"गप्प बस!" मिस्त्री कडाडले आणि त्यांनी हात बाहेर काढून पाहुण्यांसमोर धरला. "मुरगळलाबिरगळला काही नाही. बोट तुटलंय, करवतीत. मी सुतार आहे. कारखाना नाही, शेड आहे. भिंतीवरचा तो बाबा कोण, मला माहीत नाही. त्याच्याशी सोयरीक करायची असेल तर त्यालाच विचारा. माझ्याशी करायची असेल तर माझा हात हा असा आहे."

मुलाच्या आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. "कळवतो आम्ही," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

"लावलीत वाट? झालं समाधान?" चिरंजीव पाय आपटत बाहेर गेले. बायको स्वयंपाकघरात जाऊन बसली. मिस्त्रींनी सोफ्याबरोबर फुकट मिळालेलं स्टूल ओढून फोटोखाली ठेवलं आणि वर चढले. स्टूल डुगडुगायला लागलं. मग एकाएकी डुगडुगायचं थांबलं. खाली लेकीने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. डोळे रडून लाल झालेले.

"मी तुमच्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली.

"नको बोलूस. स्टूल नीट धर."

फोटो काढून त्यांनी काखेत मारला आणि उतरताना आधारासाठी डावा हात खाली केला. लेकीने ते थोटूकच धरलं, रागारागाने, दुखेल इतकं घट्ट.