मधे माणूस नको

“पुन्हा एकदा,” एर्लिंडाबाई म्हणाल्या. “सावकाश. घाई नाही.”

एइनारआजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कोटाची बटणं चाचपली आणि स्पॅनिशमध्ये, म्हणजे त्यांच्या मते स्पॅनिशमध्ये, सुरुवात केली. “लहान तुझा बाबा. होडी. मी रागावतो उद्या. तो पाऊस. मग होडी हसतो, आणि मी... मी दार.”

“फार छान,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले.

मी शेजारीच अंगण झाडत होतो. मी मिंचो, या शाळेचा दरवान. मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही म्हणालो, “फार छान, आजोबा.”

दुसरं काय म्हणणार? साऱ्या ग्वातेमालात आम्हा अंतिग्वाकरांइतके सभ्य लोक नाहीत. कुणाला तोंडावर वाईट सांगायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. आमचा ज्वालामुखीसुद्धा राख उडवण्याआधी घसा खाकरतो. माझ्या चुलत्याला एकदा मेला समजून पेटीत घातलं. वाटेत त्याला जाग आली; पण लोक लांबून आलेत, त्यांचा विरस कशाला करा, म्हणून तो दफनभूमीच्या फाटकापर्यंत गप्प पडून राहिला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. पुढे तो खरोखर गेला तेव्हा मात्र फारसं कुणी आलं नाही. एकदा येऊन गेलो होतो, म्हणाले.

अशा गावात परदेशी लोक स्पॅनिश शिकायला येतात. पहिल्या दिवशी नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी भाजीवाली म्हणते, “किती सुंदर बोलता.” शेवटच्या दिवशीही ती तेच म्हणते. मधल्या काळात काय शिकले, देव जाणे.

आमच्या शाळेत पडवीभर लहान लहान टेबलं, आणि प्रत्येक टेबलाशी दोनच माणसं: एक शिकवणारा, एक शिकणारा. एर्लिंडाबाईंचं टेबल कोपऱ्यातलं, बोगनवेलीखालचं. परकर सोडून मोठ्या बायकांचा झगा घालायला लागल्या तेव्हापासून त्या तिथे बसतात. त्यांनी जगभरच्या माणसांना बोलतं केलं आणि स्वतः राजधानीच्या पलीकडे गेल्या नाहीत. लग्न राहिलं, आई गेली, बोगनवेल दोनदा तोडून पुन्हा वाढली.

एइनारआजोबा नॉर्वेचे मच्छीमार. इतर पोरंपोरी इथे नाचायला आणि डोंगर चढायला येतात. हे आले नातीसाठी. त्यांचा मुलगा लेइफ समुद्रात गेला. त्याची बायको ओदिलिया आमच्या किनाऱ्याकडची. ती तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी परतली. ती पोर, अस्त्रिद, आता नऊ वर्षांची. तिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही, आणि म्हाताऱ्याला मासे आणि नॉर्वेजियन सोडून काही येत नाही.

बाईंनीच ओदिलियाला फोन केला होता. मी दारात होतो, मला फोनमधलंही ऐकू येत होतं.

“येते मी तिला घेऊन, तुमच्या शाळेच्या निरोपाच्या दिवशी,” ओदिलिया म्हणाली. “पण तुम्ही मधे बोलायचं नाही, बाई. माझा नवरा बुडाल्याचं मला एका दुभाष्याने फोनवर सांगितलं. उद्याचं हवामान सांगावं तसं. आता मधे माणूस नको. आजोबा स्वतः बोलले आणि पोरीला कळलं, तर दर रविवारी फोन करू देत. नाही कळलं, तर फोनवर दोघांनी नुसता श्वास ऐकायचा का? तिच्या बापाचं दुःख आत्ता कुठे तिच्या अंगावरून उतरलंय.”

“कळेल तिला,” बाई म्हणाल्या. “आम्ही रोज तासन्‌तास गप्पा मारतो.”

आणि ते खरं होतं. दोघं त्या टेबलाशी हसायचे, भांडायचे, एकदा तर मिळून रडलेही. फक्त गावात दुसऱ्या कुणाला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. आजोबा राहत त्या घरच्या मालकीणबाईंकडे त्यांनी घोंगडी मागितली, की त्या पपई कापून देत. मग ते थंडीत कुडकुडत पपई खात आणि आभार मानत. तेही सभ्य झाले होते. बाईंना मात्र ठाऊक होतं, की ‘पाऊस’ म्हणजे रडणं. ‘दार’ म्हणजे काय, तेही त्यांनाच ठाऊक. म्हाताऱ्याला स्पॅनिश आली नव्हती. बाईंना म्हातारा आला होता.

निरोपाच्या दिवशी दुपारी अंगणात मारिंबा वाजायला लागला. मोठ्या पातेल्यात कोंबडीचं पेपियान रटरटत होतं. निघालेल्या पोरांनी आपापली भाषणं म्हटली, टाळ्या झाल्या, सगळ्यांचंच फार छान झालं.

ओदिलिया आली ती किनाऱ्यावरच्या उन्हाने रापलेली, अवघडलेली. मागे अस्त्रिद, उसन्या स्वेटरमध्ये. पोरीचे डोळे हुबेहूब म्हाताऱ्याचे. ते बघून ओदिलियाने मान वळवली.

चौघं बोगनवेलीखाली बसली. मी कॉफी घेऊन गेलो आणि तिथेच घुटमळलो.

आजोबा उभे राहिले. “लहान तुझा बाबा,” ते म्हणाले. “होडी. मी रागावतो उद्या.”

अस्त्रिदने नीट मान हलवली.

“तो पाऊस. मग होडी हसतो.”

पोरीने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई म्हाताऱ्याकडे पाहून मान डोलावत होत्या, ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. पोरीचा चेहरा त्यांना दिसला आणि ओठ थांबले. गावाला इतके आठवडे जे माहीत होतं ते बाईंना त्या क्षणी कळलं.

“ते म्हणतायत, की—”

“बाई,” ओदिलिया म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाई म्हाताऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आजोबा, हातांनी दाखवा. होडी कशी होती, ते दाखवा.”

म्हाताऱ्याने हातांची होडी केली. ती टेबलावरून कॉफीच्या कपांना वळसे घेत डुलत गेली. पोरीचे डोळे मोठे झाले. मलाही वाटलं, जमलं. मग होडी उलटली, म्हाताऱ्याने एक हात वर काढला, छातीशी धरला, तोच हात गालावर मारला, आणि भराभरा बोलायला लागला, वाऱ्यात बोलावं तसं मोठ्याने. शब्द लाटेवर लाट यावी तसे आले. मारिंबावाले वाजवायचे थांबले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे, पाणी न पाहिल्यासारखे, बघत होतो.

“आणि मी दार,” आजोबांनी संपवलं आणि ते खाली बसले.

“अस्त्रिद,” ओदिलियाने हळूच विचारलं, “काय म्हणाले आजोबा?”

“होडी.”

“आणि?”

पोर स्वेटरची बाही ओढत राहिली. “होडी उलटली.”

“कुणाची? कधी?”

पोरीने मान वर केली. समोर म्हातारा तिच्याकडे तोंडभर हसत पाहत होता. ती किनाऱ्यावरची असली, तरी वाढली याच मुलखात होती. ती उठली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही फार छान बोलता, आजोबा.”

हे वाक्य मात्र म्हाताऱ्याला पुरतं कळलं. त्याने बाईंच्या खांद्यावर अशी थाप मारली, की त्या टेबलाला धडकल्या.

“रविवार?” त्याने ओदिलियाला विचारलं. “फोन?”

ओदिलियाने त्याच्या टोपीकडे पाहिलं. “बघू,” ती म्हणाली.

आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विमानतळाची गाडी आली तेव्हा तो नातीला उचलून घेऊन, पाठ दुखते तरी, दोन गिरक्या मारून गेला. खिडकीतून बाईंना काहीतरी ओरडून म्हणाला. बाईंनी हात हलवला.

मग आम्ही ओदिलियाला बाजारामागच्या बसथांब्यावर सोडायला गेलो. पिशवी माझ्याकडे होती. थांब्यावर अस्त्रिदने बाईंचा झगा ओढला.

“बाई, तुम्ही का रडत होतात? बाबाचं काय सांगितलं त्यांनी?”

बाईंनी ओदिलियाकडे पाहिलं. बाईंचं तोंड उघडं होतं. मी आयुष्यात इतकी भरलेली गप्प बाई पाहिली नाही.

“नको,” ओदिलिया म्हणाली. रागाने नाही, थकून. “तुम्ही चांगलंच सांगाल, बाई. पण ते तुमचं होईल. हिला त्यांचा आवाज आठवेल आणि शब्द तुमचे आठवतील. आधीच कमी आहे तिच्याजवळ.”

“मग मी काय करू?” बाईंनी विचारलं.

“मला माहीत असतं तर मी केलं नसतं का?”

बस आली, रंगीबेरंगी, छपरावर कोंबड्यांच्या करंड्या. पोरीने खिडकीतून चेहरा बाहेर काढला. ती अजून बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बस वळली.

परतताना मला राहवेना. “बाई, मला तरी सांगा. होडी उलटली, मग?”

“ती गोष्ट जिची होती तिला मिळाली नाही, मिंचोबाबा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दिली तर संध्याकाळपर्यंत त्या होडीत मगर बसेल.”

ते खरंच होतं. पुढे त्या, मागे मी. शुक्रवारचा बाजार उठत होता. प्रत्येक दुकानातून कुणीतरी विचारत होतं, “काय बाई, बरं ना?” आणि बाई प्रत्येकापाशी थांबून, मान लववून, सांगत होत्या, “बरं, अगदी बरं. तुमचं?”