हजेरीतले तीन दिवस

काचकारखाना बंद पडला तेव्हा तपासणी विभागातल्या बायकांमध्ये तीच सगळ्यात जुनी होती. काम गेलेल्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून नवं काम शिकायला मिळायचं. अर्ज आणि चौकशा मात्र राज्याचं कार्यालय बघायचं. ती रक्ततपासणीचा कोर्स करू लागली. परीक्षा महिन्यावर आली आणि पत्र आलं: काम सुटल्याची तारीख राज्याच्या आणि केंद्राच्या नोंदींत जुळत नाही, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर नाव वगळलं जाईल.

तारीख का जुळत नाही, ते तिला ठाऊक होतं. सासूबाई जिन्यावरून पडल्या म्हणून कारखान्याचे शेवटचे तीन दिवस ती कामावर गेलीच नव्हती. विभागाच्या मुकादमांनी परस्पर तिची हजेरी लावली होती. अर्जात तिने खरी तारीख लिहिली, कंपनीने केंद्राला पाठवलेल्या हजेरीपटावर दुसरीच होती. खरं सांगावं तर मुकादम गोत्यात, खोटं बोलावं तर आपण. नवऱ्यालाही तिने काही सांगितलं नाही. सात दिवस ते पत्र तिच्या पर्समध्येच राहिलं.

आठव्या दिवशी ती कार्यालयात गेली. कारकून "बसा" म्हणाला, खुर्ची नव्हतीच. त्याने फाइल काढली, केंद्राच्या अधिकारी बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दोघं आपापल्या कागदांवरच्या तारखा वाचू लागली.

"कामावर तुमचा शेवटचा दिवस कोणता?" फोनमधून प्रश्न आला.

तिने खरं तेच सांगितलं. सासूबाईंचंही सांगितलं.

बाईंनी समजावलं, की राज्याचा अर्ज कामाचा शेवटचा दिवस विचारतो आणि केंद्राच्या नोंदीत नोकरी संपल्याचा दिवस असतो, तेव्हा दोन्ही तारखा बरोबरच आहेत. तिने श्वास सोडला, तोच बाई म्हणाल्या, "पण त्या तीन दिवसांची हजेरी कोणी लावली?"

कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम," तो फोनकडे वाकून म्हणाला, "प्रश्न तारखेचा होता, तो मिटला. तसं लिहून पाठवतो."

कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. "पाठवा," बाई म्हणाल्या.

ती बाहेर आली. तिने लगेच मुकादमांना फोन केला. तेही त्याच योजनेतून लिफ्टदुरुस्ती शिकत होते. तिने घडलेलं सगळं सांगितलं.

"ताई, मला उद्या बोलावलंय," ते हळूच म्हणाले. "कशासाठी, ते सांगितलं नाही."

"किती वाजता?" तिने विचारलं. "मी येते बरोबर. हजेरी माझी होती."