हरकत नसल्यास

सकाळपासून प्रज्ञाचा पाय एका जागी ठरत नव्हता. जगभरातली माणसं मिळून फुकट चालवतात अशा एका कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या अवजारात, तिने दोन वर्षं खपून एक दुरुस्ती केली होती. आज संध्याकाळपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर ती मंजूर, असा तिथला रिवाज. आणि सगळे मूग गिळून बसलेले!

या कंपायलरने पूर्वी एकदा हात पोळून घेतले होते. आतली मांडणी, म्हणजे कोणता आकडा कुठे ठेवायचा ते, बदलली आणि आधीचे तयार प्रोग्राम जागोजागी कोलमडले. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. तेव्हापासून वचन होतं, की जुना प्रोग्राम पुन्हा नव्याने न उतरवता चाललाच पाहिजे. प्रज्ञाच्या दुरुस्तीने वेग वाढत होता, पण मांडणी जराशी हलत होती. जराशीच, असं ती स्वतःला बजावत होती. तरी राहवेना, म्हणून ती जळगावहून एसटीने अमळनेरला ओळखीच्या हिलालनानांच्या कापसाच्या जिनिंगवर आली. तिथल्या वजनकाट्याचा प्रोग्राम याच कंपायलरने उतरवलेला, जुना होता आणि तो लिहिणारा कधीच परदेशी गेला होता.

नानांना विचारून तिने आपल्या दुरुस्तीतून निघालेली नवी लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालतो तो तयार भाग, बसवली. प्रोग्राम मुकाट सुरू झाला. तिने हुश्श केलं.

तेवढ्यात शेतकरी सुपडूभाऊ कापूस घेऊन आले. गाडी भरलेली तोलली, मग रिकामी तोलली.

"माल कमी भरना, भाऊ," नाना पडद्याकडे बघत म्हणाले. "कापूस वाळी गया व्हई."

सुपडूभाऊंनी नुसती मान हलवली.

प्रज्ञाने मनातच वजाबाकी केली. आकडा जुळेना. प्रोग्राम चुकीच्या जागेवरून, रिकाम्या गाडीऐवजी आधीच्या ट्रॅक्टरचं वजन उचलत होता. ना बंद पडला, ना कुरकुरला. चक्क छातीठोकपणे खोटं बोलला. तिने घाईघाईने जुनी लायब्ररी परत बसवली. आकडा बरोबर आला, नाना ओशाळले.

"भाऊ, तुम्हाला संशय नाही आला?" तिने विचारलं.

"हां, ऊना ना. घरूनच तोली आणेल व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"कॉम्प्युटर बोलस तठे माले कोन इचारस, ताई?"

तिला सुपडूभाऊंचा राग आला, त्या दोन वर्षांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मोबाईलवर अजून एकही हरकत नव्हती. काट्याशेजारी उभ्याउभ्याच तिने लिहिलं, 'या दुरुस्तीला माझी हरकत आहे.'

लगेच कुणीतरी विचारलं, 'पण ही दुरुस्ती तुमचीच ना?'

'हो,' तिने लिहिलं, आणि मग तिला रडू फुटलं.