पाहुण्यांसमोर मरणारा सेन्सर

"मेला! परत मेला!" मी माऊस टेबलावर आपटला. पडद्यावरची तापमानाची रेघ आठशे अंशांपर्यंत शहाण्यासारखी चढली आणि तिथून जी गायब झाली, ती झालीच. काचेपलीकडे बंगळूरच्या इंजिन कंपनीतून आलेले पाहुणे चहाचे कप धरून एकमेकांकडे बघत होते.

आमच्या हडपसरच्या कंपनीत टर्बाइन इंजिनांसाठी बिनतारी सेन्सर बनतात. फिरत्या पात्यातून बाहेर वायर काढली तर ती टिकत नाही. म्हणून नखाएवढी सिरॅमिकची चकती पात्यावर चिकटवायची आणि तिने आतली उष्णता रेडिओवरून बाहेर कळवायची. ऐकायला किती छान! एरवी हाच सेन्सर भट्टीत दिवसदिवस तग धरायचा. पाहुणे आले की मान टाकायचा. घरात धुमाकूळ घालणारं पोर चार लोकांपुढे पाढे विसरतं ना, अगदी तसं.

"रंगनाथराव, रिलायबिलिटीचं काय?" अभयसाहेब म्हणाले. हे आमचे मालक, अमेरिकेतून परतलेले. "मंगळवारी ते परत येतायत. लास्ट चान्स. नाहीतर हे युनिट बंद, स्पष्ट सांगतो."

"मग पाहुण्यांनाच बोलवू नका. रिलायबिलिटी शंभर टक्के!"

ते हसले नाहीत. टेस्टिंगच्या माणसाने विनोद करू नये, असं त्यांचं मत असावं.

युनिट बंद म्हणजे पहिली घरी जाणार शकूताई. लोणी काळभोरहून बसने येते. मायक्रोस्कोपखाली चकतीवर प्लॅटिनमची केसाहून बारीक तार बसवायची, हे तिचं काम. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललंय. मला त्या पाहुण्यांपेक्षा तिची काळजी जास्त होती, आणि काळजी वाटली की माझी जीभ सुटते, हे साऱ्या कंपनीला माहीत आहे.

मी भट्टीवर संशय घेतला, अँटेनावर घेतला, सॉफ्टवेअरवाल्या पोरांशी भांडलो. त्याआधीच्या एका भेटीत तर पाहुण्यांचे मोबाईल काढून बाहेर बादलीत ठेवायला लावले. काडीचा फरक पडला नाही.

मंगळवारी सकाळी सेन्सर आणायला मी स्वतःच शकूताईच्या टेबलाशी गेलो. तिची माझ्याकडे पाठ होती. तिने ड्रॉवरमधून छोटी डबी काढली, अनामिकेने चकतीवर कुंकू टेकवलं, हात जोडले आणि फडक्याने चकती पुसली.

"शकूताई! हे काय चाललंय?"

ती दचकली. "काय न्हाय सायेब. पुसलंय की. डाग दिसत न्हाय."

"रोज लावता?"

"रोज कशाला? पाव्हणं येत्यात त्या दिशीच. लई भ्या वाटतं वो. म्हून आईचं नाव घिऊन लावते. तुळजापूरचं हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. भट्टीत हळद जळून जात होती आणि मागे राहिलेला चुना तारेची पकड सोडवत होता. आणि मी मूर्ख, बादलीत मोबाईल गोळा करत बसलो होतो!

"अहो, तुमच्या या भक्तीपायी दरवेळी माझं नाक कापलं जातंय!"

तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी... माझ्यामुळं मरत हुतं?"

एवढं ओरडायला नको होतं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येतं थोडंच? "रडू नका. नवीन बसवा. आणि आधी बोटं धुवा, साबणाने."

पाहुणे मगरपट्ट्याच्या चौकात अडकले होते, म्हणून नवी चकती तयार करायला वेळ मिळाला. हडपसरच्या ट्रॅफिकला मी आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला.

रेघ आठशेवर गेली, नऊशे पार झाली, हजारावर जाऊन ठाण मांडून बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी शकूताई तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचे डोळे हसत होते. माझा जीव भांड्यात पडला.

ऑर्डर मिळाली, तीही दणदणीत. पाहुणे गेल्यावर अभयसाहेब म्हणाले, "एवढं काम हाताने होणार नाही. ऑटोमॅटिक मशीन मागवू."

"आणि शकूताई?"

"त्यांचं बघू ना."

पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते मला शिकवायची गरज नाही. "अहो, आजचा सेन्सर तिने बसवलाय!"

"म्हणूनच तर. डिझाइन चांगलंय हे सिद्ध झालं. दिवाळीपर्यंत राहू देत त्या."

मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा. सेन्सर मेला असता तरी ती जाणार होती, जगला तरी जाणार होती. मग मी एवढा आटापिटा केला कशासाठी?

मशीन आलं. नारळ आला, पेढे आले. अभयसाहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पूजा शकूताई करतील. सगळ्यांत सीनियर त्याच." माणसाला लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

तिने तीच डबी आणली होती. मशीनच्या तार बसवणाऱ्या टोकापाशी कुंकवाचं बोट गेलं आणि थबकलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, हितं लावलं तर बिघडंल का वो?"

वाटलं, म्हणावं, लावा! तिथेच लावा, चांगलं थापा! पण तोंडातून निघालं, "तिथे नको. खाली, पायाला लावा."

ती वाकली. मशीनच्या लोखंडी पायाला तिने बारीकशी टिकली लावली आणि नमस्कार केला. मग उठून बाजूला उभी राहिली आणि बोट पदराला पुसत राहिली. सगळ्यांचे पेढे खाऊन झाले तरी ती पुसतच होती.